अदृश्य किरणांचा पहारेकरी

बेळगावहून वेंगुर्ल्याकडे निघालेला रस्ता शहर सोडून थोडा पुढे गेला की हिंडलगा लागते. तुरुंगामुळे, गणपतीच्या देवळामुळे आणि सीमालढ्यातील हुतात्म्यांच्या स्मारकामुळे या गावाचे नाव दूरवर परिचित आहे. सकाळच्या वेळी या रस्त्याने शहराकडे कामाला निघालेल्या माणसांची रीघ लागलेली असते. त्यांतील कोणी इस्पितळात जातो, कोणी कचेरीत, तर कोणी उद्यमबागेतील फौंड्रीत.

फौंड्रीत मुरलेला कामगार लोखंडाची परीक्षा आपल्या इंद्रियांनी करतो. रसाचा रंग पाहून तो भट्टीचे तापमान सांगतो. ओतीव तुकड्यावर हातोडीचा ठोका मारून, उठणाऱ्या नादावरून आत चीर आहे की नाही हे ओळखतो. साच्याची वाळू मुठीत दाबून तिची ओल जोखतो. परंतु भट्टीत पडणाऱ्या भंगारात एखादी वस्तू अशी येऊ शकते की जिच्यापुढे त्याचे डोळे, कान आणि हात तिन्ही निरुपयोगी ठरतात. ती वस्तू म्हणजे किरणोत्सर्गी धातूचा तुकडा.

ही भीती काल्पनिक नाही. २००८ साली फ्रान्समधील एका कारखान्यात लिफ्टची बटणे तयार होत होती. त्यांच्यासाठी वापरलेले पोलाद भारतातून गेलेले होते आणि त्यात कोबाल्ट-६० हे किरणोत्सर्गी द्रव्य मिसळलेले आढळले. त्या कारखान्यातील सुमारे वीस कामगारांना, सामान्य नागरिकाने वर्षभरात घेऊ नये एवढ्या मात्रेहून अधिक किरणोत्सर्ग मिळाला होता. त्या पोलादाचा माग थेट महाराष्ट्रातील भट्टीपर्यंत पोहोचला. भंगारातून आलेला कोबाल्टचा एखादा तुकडा इतर लोखंडाबरोबर वितळला, रसात एकजीव झाला आणि ओतकामातून समुद्रापार गेला. भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसांना त्याची काही चाहूल लागली नाही. लागणार तरी कशी? किरणोत्सर्गाला रंग नाही, वास नाही, चटका नाही. निसर्गाने मनुष्याला असे एकही इंद्रिय दिलेले नाही की जे त्याला या किरणांची वर्दी देईल.

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न रंटगेनने १८९५ साली क्ष-किरण शोधले तेव्हापासून चालू आहे. आरंभी छायाचित्राच्या काचेने ते काम केले, पुढे १९२८ मध्ये गायगर आणि म्युलर यांच्या वायुनलिकेने ते अधिक चांगले केले. आज मी ज्या साधनाविषयी बोलणार आहे ते त्यानंतरचे, आणि आकाराने सर्वांत लहान. तुम्ही ज्या यंत्रावर हे भाषण ऐकत आहात त्याच्या पोटातही त्याचेच भाऊबंद बसलेले आहेत. मी बोलतो आहे ते अर्धवाहकांविषयी, म्हणजे सिलिकन, जर्मेनियम यांसारख्या द्रव्यांपासून बनविलेल्या किरणशोधकांविषयी.

तांब्यातून वीज सहज वाहते आणि काचेतून मुळीच वाहत नाही. सिलिकन या दोहोंच्या मधला आहे. त्यात अत्यल्प प्रमाणात फॉस्फरस मिसळला तर मोकळ्या इलेक्ट्रॉनांची रेलचेल होते. बोरॉन मिसळला तर उलट इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा निर्माण होतात. या दोन प्रकारचे सिलिकन एकमेकांस जोडले आणि त्या जोडाला उलट्या दिशेने विजेचा दाब दिला, तर सांध्याच्या दोन्ही बाजूंचे मोकळे विद्युत्कण दूर सरतात आणि मधोमध एक ओसाड पट्टा तयार होतो. या पट्ट्यातून वीज वाहत नाही, कारण ती वाहून नेण्यास तेथे कोणीच उरलेले नसते.

आपल्या घरासमोरचे अंगण पाहा. दिवसभर माणसांची ये-जा चालू असेल तर त्यात कोणाचे पाऊल कोणते हे सांगता येत नाही. पण सांजवेळी अंगण शेणाने सारवून ठेवले आणि रात्रीतून कोणी त्यावर चालून गेले, तर सकाळी त्याचे एकच पाऊल स्पष्ट उमटलेले दिसते. सिलिकनमधील तो ओसाड पट्टा म्हणजे असे सारवलेले अंगण होय. गॅमा किरण किंवा एखादा वेगवान कण त्यात शिरला की वाटेत तो इलेक्ट्रॉनांना जागेवरून उठवितो. उठलेला इलेक्ट्रॉन एका बाजूस धावतो, त्याची रिकामी जागा दुसऱ्या बाजूस सरकते आणि बाहेरच्या तारेत विजेची एक अतिसूक्ष्म लाट उमटते. ती लाट वाढवून मोजली की एक पाऊल मोजले गेले.

या पावलाचा आकारही बोलका असतो. सिलिकनमध्ये इलेक्ट्रॉन आणि रिकामी जागा यांची एक जोडी निर्माण होण्यास सरासरी ३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते. इलेक्ट्रॉनव्होल्ट हे अणूंच्या जगातले ऊर्जेचे माप समजावे. हवेत अशीच जोडी निर्माण करण्यास सुमारे ३४ इलेक्ट्रॉनव्होल्ट खर्चावे लागतात. सीझियम-१३७ मधून निघणाऱ्या गॅमा किरणाची ऊर्जा ६ लाख ६२ हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. ती सगळी हवेत खर्ची पडली तर एकोणीस-वीस हजार जोड्या मिळतील. सिलिकनमध्ये पडली तर सुमारे १ लाख ८४ हजार. शिवाय सिलिकन हवेच्या मानाने सुमारे एकोणीसशे पट दाट आहे. जे काम करण्यास हातभर लांबीची वायुनलिका अपुरी पडावी, त्यासाठी येथे नखाएवढा तुकडा पुरतो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅके या शास्त्रज्ञाने १९४९ साली जर्मेनियमच्या तुकड्यावर आदळणारे अल्फा कण मोजून दाखविले, तेव्हा या मार्गाचा आरंभ झाला.

आता रक्षणाच्या कामी याचा उपयोग कसा होतो तो पाहू. क्ष-किरण विभागात काम करणाऱ्या तंत्रज्ञाच्या छातीवर आपण एक लहानसा बिल्ला पाहिला असेल. आपल्या देशात त्या बिल्ल्यात कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या असतात. मिळालेली ऊर्जा त्या साठवून ठेवतात आणि नंतर प्रयोगशाळेत तापविल्या की तितक्या प्रमाणात प्रकाश देतात. हा बिल्ला प्रामाणिक आहे, स्वस्त आहे, आणि भाभा अणुसंशोधन केंद्राने त्याची उत्तम घडी बसविली आहे. पण तो दुकानातील खातेवहीसारखा आहे. महिन्या-तीन महिन्यांनी हिशेब लागतो, तेव्हा खर्च होऊन गेलेला असतो. आज, या क्षणी, मी धोक्याच्या जागी उभा आहे काय, या प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशी नाही.

ते उत्तर सिलिकनचा शोधक देतो. खिशाला अडकविण्याएवढ्या डबीत सिलिकनचा तुकडा, लाटा वाढविणारी मंडले आणि एक लहान घंटी बसविलेली असते. डबीच्या काचेवर दोन आकडे दिसतात: आजवर मिळालेली एकूण मात्रा आणि या घटकेला मिळणारी मात्रा. ठरविलेली मर्यादा ओलांडली की घंटी वाजते. अणुवीज केंद्रांत बंदिस्त विभागात जाणाऱ्या कर्मचाऱ्यांजवळ, आणि उद्योगात गॅमा किरणांनी वेल्डिंगचे सांधे तपासणाऱ्या माणसांजवळ असे साधन असणे आता रूढ झाले आहे.

हे आकडे वाचण्यास फार विद्या लागत नाही. आपल्या भोवतालच्या दगडमातीतून आणि आकाशातून येणारा गॅमा किरणोत्सर्ग बहुतेक ठिकाणी तासाला दशांश मायक्रोसीव्हर्टच्या आसपास असतो. सामान्य नागरिकास नैसर्गिक आणि वैद्यकीय भाग वगळून वर्षाला १ मिलिसीव्हर्ट, म्हणजे हजार मायक्रोसीव्हर्ट, ही मर्यादा आहे. किरणोत्सर्गाच्या कामावर असलेल्या व्यक्तीस आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाने सलग पाच वर्षांत सरासरी वर्षाला २० मिलिसीव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३० पेक्षा अधिक नाही, असा दंडक घालून दिला आहे. वर्षाचे कामाचे तास दोन हजार धरले तर वीस मिलिसीव्हर्टचा हिशेब तासाला १० मायक्रोसीव्हर्ट पडतो. डबीवर दशांशाऐवजी दहा दिसले तर थांबून विचार करावा. आकडा शेकड्यांत किंवा हजारांत गेला तर विचार मागे ठेवून आधी पावले मागे घ्यावीत. तासाला २ मिलिसीव्हर्टच्या जागी अर्धा तास उभे राहिले की नागरिकाचे वर्षाचे माप भरते. एका लहान वस्तूपासून एक मीटरवर जी मात्रा मिळते ती तीन मीटरवर गेल्यास नवव्या हिश्श्यावर येते. अंतर हे सर्वांत स्वस्त संरक्षण आहे. ते घेण्याची वेळ कोणती, एवढेच खिशातली डबी सांगते.

सिलिकनचे दुसरे काम अधिक नाजूक आहे, आणि त्याचे उदाहरण निपाणीच्या परिसरातील श्रोत्यांना जवळचे वाटेल. तंबाखूच्या झाडावर, मग ते निपाणीच्या शिवारातले असो की दूरदेशचे, पानांच्या चिकट लवेवर हवेतील रेडॉन वायूची किरणोत्सर्गी संतती येऊन बसते. काही भाग जमिनीतून आणि फॉस्फेट खतांतूनही येतो. त्यातून तंबाखूत पोलोनियम-२१० हे द्रव्य अत्यल्प प्रमाणात सापडते. तंबाखूच्या धुरातील या द्रव्याकडे १९६४ साली शास्त्रज्ञांनी जगाचे लक्ष वेधले. त्यातून निघणारे अल्फा कण कागदाच्या कपट्यानेही अडतात. म्हणून पान आम्लात विरघळवून त्यातील पोलोनियम चांदीच्या चकतीवर बसवितात, ती चकती निर्वात पेटीत सिलिकनच्या शोधकासमोर ठेवतात आणि एकेक कण मोजतात. तंबाखूचे अपाय इतरही पुष्कळ आहेत. येथे सांगावयाचे ते इतकेच की, इतक्या सूक्ष्म द्रव्याचा हिशेब सिलिकनमुळे ठेवता येतो.

तिसरा नातलग जर्मेनियम. किती किरण आले, यापेक्षा ते कोणाकडून आले हे सांगण्यात याचा हातखंडा आहे. प्रत्येक किरणोत्सर्गी द्रव्याच्या गॅमा किरणांची ऊर्जा ठरलेली असते. कोबाल्ट-६० चे किरण ११७३ आणि १३३२ या दोन आकड्यांवर येतात, सीझियमचे ६६२ वर, आणि मातीत, केळ्यात, आपल्या देहातही असणाऱ्या पोटॅशियम-४० चे १४६१ वर. हे आकडे हजार इलेक्ट्रॉनव्होल्टचे आहेत. जर्मेनियमचा शोधक दोन आकड्यांच्या फरकानेही शेजारच्या रेषा वेगळ्या दाखवू शकतो. मात्र त्याचा स्वभाव तापट आहे. घरातील साध्या उष्णतेनेच त्यातील इलेक्ट्रॉन सैरावैरा होतात, म्हणून त्याला उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनने किंवा तशाच शीतयंत्राने थंड ठेवावे लागते. कैगा, तारापूर यांसारख्या अणुवीज केंद्रांच्या परिसरातील पाणी, दूध, मासळी आणि धान्य यांचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळांत अशा शोधकांचा उपयोग होतो. हातात धरून नेण्यासाठी कॅडमियम, झिंक आणि टेल्युरियम यांच्या मिश्र स्फटिकाचे शोधक निघाले आहेत. त्यांना थंडाव्याची गरज लागत नाही. ही विद्या आपल्याला परकी राहिलेली नाही. जिनिव्हाजवळील सर्न येथील सीएमएस या महाप्रयोगासाठी सिलिकनचे पट्टीशोधक भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सहकार्याने बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये तयार झाले होते.

येथवर गुण सांगितले. आता मर्यादा सांगणे माझे कर्तव्य आहे, कारण ज्या पहारेकऱ्याची दृष्टी कोठवर पोहोचते हे धन्याला माहीत नाही, तो पहारेकरी असून नसल्यासारखा.

पहिली मर्यादा आकाराची. नखाएवढा तुकडा अंगाजवळची मात्रा उत्तम मोजतो, पण भंगाराने भरलेल्या ट्रकच्या पोटात खोल दडलेला तुकडा शोधण्यास तो पुरा पडत नाही. म्हणून बंदरांच्या आणि मोठ्या पोलाद कारखान्यांच्या फाटकावर दाराएवढे उंच खांब उभे करतात. त्यांत किरण लागताच चमकणाऱ्या खास प्लॅस्टिकचे जाड पत्रे असतात. फाटकावरच्या खांबाने ट्रक अडवावा, हातातल्या स्फटिकाने द्रव्य ओळखावे आणि खिशातल्या सिलिकनने माणसाला सांभाळावे, अशी ही कामाची वाटणी आहे.

दुसरी मर्यादा उष्णतेची. सिलिकनमध्येही थोडी वीज आपोआप पाझरत असते आणि तापमान सात-आठ अंशांनी वाढले की ती गळती जवळजवळ दुप्पट होते. भट्टीजवळ वापरावयाच्या साधनात त्याची तजवीज केलेली असावी लागते. तिसरी मर्यादा कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांची. त्यांना सिलिकन मानवी देहापेक्षा अधिक प्रतिसाद देतो, म्हणून त्यावर धातूचा पातळ पडदा बसवून वाचन बरोबर करून घ्यावे लागते. शिवाय क्ष-किरण यंत्राचा झोत निमिषभर परंतु अतिशय दाट असेल, तर काही साधने गोंधळून कमी आकडा दाखवितात. याच कारणाने इस्पितळातील तंत्रज्ञाने घंटीची डबी मिळाली म्हणून छातीवरचा बिल्ला खुंटीला टांगू नये. आणि प्रत्येक साधन ठरलेल्या मुदतीत प्रमाणित स्रोतासमोर तपासून घेतलेच पाहिजे. सराफाच्या तराजूवर जसा शिक्का पाहतो, तसाच येथेही पाहावा.

चौथी मर्यादा सर्वांत गंभीर आहे, आणि तिचा धडा आपल्या शेजारीच मिळाला. उत्तर कन्नड जिल्ह्यात कारवारच्या बाजूला, काळी नदीच्या काठी कैगाचे अणुवीज केंद्र आहे. २००९ च्या नोव्हेंबरात तेथील पन्नासहून अधिक कर्मचाऱ्यांच्या शरीरात ट्रिटियमचे प्रमाण वाढल्याचे आढळले. ट्रिटियम हा हायड्रोजनचाच किरणोत्सर्गी भाऊ. पिण्याच्या पाण्याच्या एका कूलरमध्ये कोणीतरी ट्रिटियममिश्रित जड पाणी घातले होते. ट्रिटियमचे किरण इतके दुबळे असतात की ते हवेत काही मिलिमीटरच जातात आणि कातडीच्या वरच्या मृत थरातही अडतात. खिशातील डबीचे कवच तर ते मुळीच ओलांडू शकत नाहीत. कूलरसमोर उभे राहून पाणी पिणाऱ्या माणसाच्या डबीवरचा आकडा हलणार नव्हता आणि घंटीही वाजणार नव्हती. मग हे कळले कसे? कर्मचाऱ्यांच्या लघवीची ठरल्या दिवशी ठरल्याप्रमाणे होणारी तपासणी कोणी चुकविली नाही, म्हणून कळले. जे बाहेरून येते ते सिलिकन पाहतो. जे घोटाबरोबर आत जाते त्यासाठी दुसरा पहारा लागतो, आणि तो नेमाने ठेवावा लागतो.

याच्या उलट उदाहरण दिल्लीतील मायापुरीचे. २०१० च्या प्रारंभी एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतील, १९८५ पासून पडून असलेले किरण-उपकरण लिलावात भंगार म्हणून विकले गेले. त्याच्या पोटात कोबाल्ट-६० होते. भंगारबाजारात ते फोडले गेले, तुकडे हाताळले गेले, आणि एका माणसाचा प्राण गेला. आणखी कित्येक जखमी झाले. कोबाल्टचे किरण खिशातल्या साध्या सिलिकनलाही सहज कळले असते. तेथे दृष्टी होती, पहारेकरीच नव्हता. कैगात साधने होती, पण ती पाहू शकणार नाहीत असा धोका आला. मायापुरीत धोका उघडा होता, पण पाहणारे साधन नव्हते. पहिल्या ठिकाणी नेमाने माणसे वाचविली. दुसऱ्या ठिकाणी नेम चुकला तो उपकरण बाहेर काढतानाच.

म्हणून बेळगाव, कोल्हापूर, इचलकरंजी येथील भंगार व्यापाऱ्यांना आणि फौंड्रीवाल्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे. भंगाराची तपासणी भट्टीच्या तोंडाशी नव्हे, फाटकापाशी व्हावी. एकदा रस झाला की तुकडा उचलून बाजूला ठेवता येत नाही; भट्टी, मळी, धूळ आणि माल सर्व एकाच वेळी बाटतात. मोठा खांब परवडत नसेल तर निदान एक प्रमाणित हातसाधन आणि भंगार निवडणाऱ्या माणसाच्या खिशाला घंटीची एक डबी एवढे तरी असावे. आकाराच्या मानाने फार जड लागणारे शिशाचे भांडे, पिवळ्या पाटीवरील तीन पात्यांचे चिन्ह किंवा ओळख न पटणारी चकाकती नळी दिसली, तर ती कापू नये, फोडू नये, खिशात घालू नये. माणसांना दूर करावे, जागा दोरीने बंद करावी आणि पोलिसांमार्फत मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवावे. जुने क्ष-किरण यंत्र नुसते पडून असताना किरण सोडत नाही, हेही ध्यानात ठेवावे, म्हणजे अकारण घबराट होणार नाही. गॅमा किरणांचे उपकरण मात्र वीज नसतानाही जळतच राहते.

कामगारांनाही एक सांगणे आहे. मालकाने दिलेली डबी ही शिस्तीची कटकट समजू नका. ती पेटीत ठेवली तर पेटीची मात्रा मोजील. दिवसाच्या शेवटी तिच्यावरचा आकडा वहीत उतरवून ठेवा आणि कालच्या आकड्याशी ताडून पाहा. नेहमीपेक्षा वाढ दिसली तर घंटीची वाट न पाहता वरिष्ठांना विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

संध्याकाळी वेंगुर्ल्याच्या रस्त्याने हीच माणसे हिंडलग्याकडे परततात. हातापायांवरची वाळू आणि काजळी ती घरी येऊन धुतात, कारण ती दिसते. जे दिसत नाही त्याचा हिशेब कारखान्याच्या फाटकाआतच पुरा होऊन, वहीत लिहिला जाऊन, मग माणूस घरी यावा. सिलिकनचा तो नखाएवढा तुकडा यासाठीच घडविला आहे. त्याच्याकडे रोज पाहण्याचे काम मात्र आपणच केले पाहिजे.